गुलाबी गोळीच्या आधीची वीस मिनिटं

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मुलीच्या वरच्या दातांवरचा, तार धरून ठेवणारा शेवटचा ब्रॅकेट निघाला. तारा बसवून एकवीस महिने झाले होते. डॉक्टरांनी पक्कड ट्रेमध्ये ठेवली, दातांवर राहिलेला गोंद बारीक चाकाने घासून काढला, पाण्याचा फवारा मारला आणि मग हवेने दात कोरडे केले. हवा लागली तशा पुढच्या चार दातांवर खडूसारख्या पांढऱ्या कडा उमटल्या.

भिंतीवरची तसबीर उतरवली की तेवढा चौकोन मूळ रंगाचा राहतो आणि भोवतीची भिंत वेगळी दिसते. दातांचं तसंच झालं होतं. ब्रॅकेटखालची जागा जशीच्या तशी होती. तिच्या भोवती, जास्त करून हिरडीच्या बाजूला, पांढरा पट्टा. सगळ्यांत रुंद पट्टा उजवीकडे, मधल्या दोन दातांच्या शेजारच्या दातावर. डॉक्टरांनी त्यावर पुन्हा पाणी सोडलं. वरवरचा डाग ओल्या दातावर दिसेनासा होतो. हा दिसत राहिला.

खुर्चीच्या डाव्या बाजूला थुंकी ओढणारी नळी धरून मुलीची मावशी उभी होती. या दवाखान्यात ती सोळा वर्षं मदतनीस आहे. डाग तिला डॉक्टरांच्या आधी दिसले होते, गोंद निघत असतानाच. तिने नळी दुसऱ्या हातात घेतली.

"झालं? आरसा द्या ना," मुलगी म्हणाली.

मुलगी पंधरा वर्षांची. तारा लागण्याआधी तिचे वरचे दात ओठांबाहेर यायचे, म्हणून शाळेत तिला खारूताई म्हणत, पुढे नुसतंच खारू. घरीही तेच नाव चिकटलं. पाच आठवड्यांनी ती नव्या शाळेत जाणार होती. तिथे जुन्या शाळेतलं कोणीही नव्हतं, म्हणजे हे नाव ठाऊक असलेलं कोणीही नव्हतं. गेलं वर्षभर ती हे आठवडे मोजत होती.

तिने आरशात पाहिलं. जिभेने दात चाचपले. "सरळ झालेत," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "हे पांढरं काय? गोंद राहिलाय का?"

"गोंद नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी चष्मा वर केला आणि मावशीकडे पाहिलं. "हिचं कार्ड दे गं."

या दवाखान्याची एक पद्धत आहे. तारा लावलेलं मूल दर महिन्याला आलं की त्याला आधी एक गुलाबी गोळी चघळायला देतात. चूळ भरली की स्वच्छ दाताचा रंग निघून जातो. जिथे चिकट थर राहिलाय तिथे गुलाबी तसाच राहतो. मदतनीस तारेच्या वरची-खालची, आजूबाजूची जागा तपासते आणि शंभरात किती जागा गुलाबी राहिल्या तो आकडा कार्डावर लिहिते. तीसच्या वर आकडा गेला तर त्या दिवशी नवी तार नाही. मुलाने बाहेरच्या खोलीतल्या बेसिनपाशी उभं राहून, सगळ्यांसमोर, गुलाबी जाईपर्यंत घासायचं आणि घरी जायचं. मुलं त्या बेसिनला पोलीस चौकी म्हणतात. डॉक्टरांना हे नाव माहीत आहे आणि आवडतंही.

खारूच्या कार्डावर एकवीस आकडे होते. पहिले दोन चव्वेचाळीस आणि एक्केचाळीस. त्यापुढचे एकोणीस नऊ, सात, सहा, आठ, असे. एकही दहाच्या वर नव्हता.

"एवढं स्वच्छ कार्ड असताना हे कसं?" डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. मग मुलीला म्हणाल्या, "तुझी चूक नाही गं. काही मुलांच्या दातांचं वरचं आवरणच जन्मतः कच्चं असतं. तू घासत होतीस म्हणून एवढ्यावर निभावलं."

मुलीने मावशीकडे पाहिलं नाही. मावशीने ट्रेमधली पक्कड उचलून निर्जंतुक करायच्या डब्यात टाकली.

एरवी, डॉक्टर म्हणाल्या, असे डाग दिसले की त्या तीन महिने काहीच करत नाहीत. घासणं सुधारलं की थुंकीतलं खनिज परत दातात जातं, डाग आपणहून फिके पडतात, काही मिटून जातात. पण हे थांबणं घासण्यासाठी असतं, आणि या मुलीचं घासणं तर नमुन्यासारखं होतं. डाग नव्याने वाढण्याची भीती नसेल तर थांबायचं कशाला? दाताचा वरचा पापुद्रा आम्लाने किंचित उघडायचा आणि पाण्यासारखं पातळ रेझिन आत मुरवायचं, की पांढरं दिसणं जातं. सामान मागवायला लागेल. दोन आठवड्यांनी मंगळवारी करू. आधी तो उजवीकडचा दात उघडायचा आणि नीट उघडला तर बाकीचे तीन लगेच.

"म्हणजे शाळेच्या आधी?" मुलीने विचारलं.

"आरामात."

बाहेर काउंटरवरच्या बाईने तारीख लिहून घेतली. "घ्या, मावशीची व्हीआयपी सुटली एकदाची," ती म्हणाली. "आता सकाळी नऊला येऊन कुलूप कोण उघडायला लावणार मला?"

काउंटरवरची बाई थट्टा करत होती, पण वेळ तिने बरोबर सांगितली होती. दवाखाना साडेनऊला उघडतो. डॉक्टर पावणेदहापर्यंत येतात. खारूचा नंबर तिसऱ्या महिन्यापासून नऊचा होता.

त्याचं कारण दुसऱ्या महिन्यात घडलं. एक्केचाळीस आकडा आला आणि मुलीला बेसिनपाशी उभं राहावं लागलं. बाकावर तिच्याच वर्गातला एक मुलगा आईबरोबर बसला होता. त्याने काही म्हटलं नाही, नुसता मोबाइल तिच्याकडे धरला. त्याने फोटो काढला की नाही हे कधी कळलं नाही. मुलीने ब्रश बेसिनमध्ये टाकला, जिन्यात जाऊन बसली आणि म्हणाली, "काढून टाका या तारा. मी खारूच बरी."

पुढच्या महिन्यात मावशीने तिला नऊला बोलावलं. खुर्चीवर बसवलं, फिरत्या ब्रशने तारेभोवतीचा सगळा थर काढला, दातांमध्ये छोटा ब्रश घातला, हिरडीची कड पुसली. याला वीस मिनिटं लागली. मग गुलाबी गोळी दिली. आकडा नऊ आला. मावशीने नऊ लिहिला. एकोणीस महिन्यांत तिने कार्डावर एकही खोटा आकडा लिहिला नाही. जेवढं गुलाबी दिसलं तेवढंच लिहिलं.

महिन्यातून एकदा केलेल्या सफाईने दात वाचत नाहीत, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तारा बसवायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि त्याच्या आईबापांना प्लास्टिकचा जबडा हातात धरून तीच सांगत असे: तारेच्या वरून घासा, खालून घासा, दोन मिनिटं, दोन वेळा, झोपायच्या आधीची चुकवू नका. गोड थंड पेय दिवसभर घोट घोट पिऊ नका. थर तसाच राहिला तर पांढरा डाग पडायला चार आठवडे पुरतात. हे चार आठवडे ती बोटांवर मोजून दाखवायची.

भाचीलाही तिने सांगितलं होतं. भाची म्हणायची, "तू आहेस ना."

मुलीला रडू येऊ नये म्हणून तिने हे केलं. आपली भाची सगळ्या दवाखान्यासमोर बेसिनपाशी उभी राहिली तर आपल्या जबड्याच्या भाषणाला काय किंमत, हेही होतं. दोन्हीतलं कोणतं जास्त खरं, हे तिने अजून ठरवलेलं नाही.

ती उघड खोटं एकदाच बोलली. नवव्या महिन्यात डॉक्टरांनी हिरड्या पाहून विचारलं होतं, "कार्ड चांगलं आहे, मग या सुजल्यात कशाने?" मावशी म्हणाली होती, "फार जोरात घासते, मॅडम." डॉक्टरांनी मऊ ब्रश वापरायला सांगितलं. मुलीने तो घेतला. तो वर्षभर नव्यासारखा राहिला.

तारा निघाल्यानंतरच्या रविवारी दुपारी मावशी बहिणीच्या घरी गेली. बहीण, म्हणजे मुलीची आई, एका हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्रीच्या कामावर आहे. रविवारी तिची पाळी दोनला संपते. ती अजून यायची होती. मुलगी खिडकीपाशी बसून तोंडातला पारदर्शक साचा काढघाल करत होती. दात पुन्हा सरकू नयेत म्हणून तो दिला होता. शेजारी थंड पेयाची अर्धी बाटली होती.

"साचा घालून पितेस?" मावशीने विचारलं.

"काढला तर मॅडम ओरडतील ना. त्या म्हणाल्या दिवसभर घाल."

"पिताना नाही गं बाई. त्याच्या आत गोड साठून राहतं. तिथे थुंकीसुद्धा पोचत नाही."

"तू सुट्टीच्या दिवशीपण जबडा घेऊन आलीस का?"

मावशीने पर्समधून गुलाबी गोळी काढली. मुलगी हसली. तिला वाटलं चेष्टा आहे. मग तिने मावशीचा चेहरा बघितला आणि गोळी चघळली. दोघी न्हाणीघरातल्या छोट्या आरशासमोर उभ्या राहिल्या. मुलीने चूळ भरली, ओठ वर केला.

पुढचे दात हिरडीपासून अर्ध्यापर्यंत गुलाबी होते. मधल्या फटी गडद. खालच्या दातांची आतली बाजू तर पूर्ण रंगली होती. मावशीने सवयीने मोजलं. अठ्ठावन्न.

"ही गोळी खराब आहे," मुलगी म्हणाली.

"गोळी तीच आहे."

"तिथे कधी एवढं येत नाही."

"तिथे मी आधी साफ करते."

मुलगी आरशात बघत राहिली. एकोणीस महिने दर महिन्याला ती खुर्चीवर आडवी पडून वीस मिनिटं फिरत्या ब्रशची घरघर ऐकत होती. तिला ते तपासणीचाच भाग वाटत होतं. सगळ्यांनाच करतात असं तिला वाटत होतं. तसं तिने आता सांगितलं.

"सगळ्यांना नाही करत," मावशी म्हणाली. "फक्त तुला."

"म्हणजे डाग त्याने पडले?"

"डाग न घासल्याने पडले. मी ते मॅडमना दिसू दिलं नाही. दिसलं असतं तर त्यांनी तेव्हाच तार थांबवली असती, तुला रागावल्या असत्या, ताईला बोलावलं असतं. तुला राग आला असता, पण दात वाचले असते."

मुलीने बोटाने दात घासून बघितला. बोट गुलाबी झालं. "आणि आता?"

"आता मॅडमना सांगायला हवं. कार्डावर विश्वास ठेवून त्या आम्ल लावणार आहेत. डाग अजून जिवंत आहे, वाढतोय. वरून कितीही भरलं तरी घासणं असं राहिलं तर कडेने पुन्हा धरेल, पिवळं पडेल, कदाचित किडेल. आणि एकदा उघडलेला पापुद्रा परत येत नाही."

"सांगितलं तर त्या तीन महिने थांबतील."

"हो."

"शाळा पाच आठवड्यांनी नाही, आता चारच राहिलेत."

"मला माहितेय."

मुलीने नळ सोडला, घासायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. तोंडात फेस असतानाच बोलली. "मावशी, मी आजपासून घासते. आईशप्पथ. दिवसातून तीनदा घासते. तू गोळी देऊन रोज बघ. पण मॅडमना सांगू नको. एकदा फक्त. एकोणीस वेळा नाही सांगितलंस, अजून एकदा."

तेवढ्यात किल्लीचा आवाज झाला आणि बहीण आत आली. तिने न्हाणीघराच्या दारात दोघींना पाहिलं. "काय गं, रविवारचा ओव्हरटाइम का?" ती म्हणाली. "चहा टाकते. खारू, बाहेर ये, मावशीला बसू तरी दे." मावशी चहा घेऊन साडेचारला निघाली. तिने बहिणीला काही सांगितलं नाही.

पुढचे नऊ दिवस मुलीने घासलं. रोज संध्याकाळी ती गोळी चघळून मावशीला दातांचा फोटो पाठवायची. मावशी उत्तरात आकडा पाठवायची: पन्नास, अठ्ठेचाळीस, बावन्न, त्रेचाळीस. सवय नऊ दिवसांत लागत नाही, पण आकडा उतरत होता. मावशीने त्यावर हिशोब बांधला. तिच्या मनाने घेतलं की मुलगी अशीच घासत राहिली तर डाग वाढायचा थांबेल आणि रेझिनही टिकेल. मग कोणाला काही सांगायची वेळ येणार नाही. रोज सकाळी डॉक्टर हात धूत असताना ती त्यांच्या शेजारी तीन-चार मिनिटं एकटी उभी असे. या नऊ दिवसांत दवाखाना सात दिवस उघडा होता.

ठरलेल्या मंगळवारी दहा वाजता मुलगी खुर्चीवर होती. त्या सकाळी तिला कोणी गोळी दिली नव्हती. तारा निघालेल्याला देत नाहीत. ओठ ताणून धरणारं प्लास्टिक लावलं, हिरड्या आणि बाकीचं तोंड निळ्या रबराने झाकलं, डोळ्यांवर नारिंगी चष्मा. रबराच्या भोकांतून फक्त पुढचे दात बाहेर आले होते. मुलीला बोलता येत नव्हतं. तिने चष्म्यातून मावशीकडे पाहिलं आणि पोटावर ठेवलेल्या हाताचं एक बोट इकडून तिकडे हलवलं. नको, असं.

"जेल," डॉक्टर म्हणाल्या.

आम्लाच्या जेलची सुई मावशीच्या हातात होती. तिने ती दिली. डॉक्टरांनी उजवीकडच्या दातावर हिरवं जेल पसरलं. मावशीने घड्याळाचं बटण दाबलं. दोन मिनिटं.

या दोन मिनिटांत डॉक्टर बोलत होत्या. खारूचं कार्ड त्या हल्ली नव्या पेशंटांना दाखवतात, असं त्यांनी सांगितलं. कालच एका मुलाच्या वडिलांना दाखवलं. तो मुलगा छत्तीसवर अडकलाय, घासतच नाही. "म्हटलं, बघा, हीपण तुमच्या मुलाएवढीच आहे. हिला जमतं, त्याला का नाही?"

घड्याळ वाजलं. मावशीने पाण्याचा फवारा मारला, जेल ओढून घेतलं. दात कोरडा केला. आता तो जास्तच पांढरा दिसत होता. डॉक्टरांनी पुढच्या दातासाठी हात पुढे केला.

"मॅडम, पुढचा घेऊ नका," मावशी म्हणाली.

"का?"

"हिचं कार्ड बरोबर नाही."

"बरोबर नाही म्हणजे?"

"गोळी देण्याआधी मी साफ करत होते. प्रत्येक वेळी. आठवड्यापूर्वी घरी गोळी दिली तेव्हा अठ्ठावन्न आला."

डॉक्टरांचा हात तसाच राहिला. त्यांनी मावशीकडे नाही, दाताकडे पाहिलं. उघडलेला दात तसा सोडता येत नाही. "स्पिरिट," त्या म्हणाल्या. मावशीने दिलं. स्पिरिट लावल्यावर पांढरं अर्धवट गेलं. पुन्हा जेल, पुन्हा दोन मिनिटं. पुन्हा स्पिरिट. मग रेझिन, तीन मिनिटं मुरू दिलं, निळा दिवा, पुन्हा रेझिन, पुन्हा दिवा. पंचवीस मिनिटं लागली आणि या वेळात डॉक्टर फक्त सामानाची नावं घेत होत्या. मुलीच्या डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. मावशीने ते कापसाने टिपलं. मुलीला मान वळवायची होती, पण रबरामुळे वळवता आली नाही.

रबर निघालं. उजवीकडचा दात एकसारखा, ब्रॅकेटखालच्या चौकोनाच्या रंगाचा झाला होता. बाकी तिघांवर पट्टे तसेच होते.

"बाकीचे?" मुलीने विचारलं.

"आज नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बाहेर बस थोडा वेळ."

सव्वा वाजता, शेवटचा पेशंट गेल्यावर, डॉक्टरांनी दार लावून घेतलं. कार्ड टेबलावर होतं.

"एकोणीस वेळा?"

"हो."

"एक तरी आकडा बदललास?"

"नाही. आकडे खरे आहेत."

"तेच तर," डॉक्टर म्हणाल्या. "खोटे असते तर मला एखाद्या वेळी शंका आली असती. तुझं अक्षर मी ओळखते. तू लिहिलेल्या आकड्यावर मी डोळे मिटून तार घट्ट करते. सोळा वर्षं करतेय." त्यांनी कार्ड उलटं ठेवलं. "आज मी एका पोरीचा दात उघडला, तोही चुकीच्या वेळी. जेल हातात देण्याआधी का नाही बोललीस?"

मावशीने खरं ते सांगितलं. मुलीने बोट हलवलं होतं.

"आणि त्या हिरड्या? जोरात घासते म्हणालीस."

"तेही खोटं होतं."

डॉक्टरांनी तिला कामावरून काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून गोळी आणि कार्ड हे काम दुसऱ्या मदतनिसाकडे गेलं. मावशीला मागच्या खोलीत अवजारं निर्जंतुक करायला ठेवलं. नऊचा नंबर देणं बंद झालं. त्या छत्तीसवर अडकलेल्या मुलाच्या वडिलांना डॉक्टरांनी स्वतः फोन करून सांगितलं की दाखवलेलं कार्ड उदाहरण म्हणून धरू नका. कारण सांगितलं नाही.

मुलीच्या आईलाही डॉक्टरांनीच कळवलं. त्या संध्याकाळी बहिणीचा फोन आला.

"तू माझ्या घरी चहा प्यायलीस त्या रविवारी," बहीण म्हणाली. "तुला तेव्हा माहीत होतं."

"हो, ताई."

"मी तिला कधी ब्रश दाखव म्हटलं नाही गं. दवाखान्यात मावशी आहे, म्हटलं, आपण कशाला मध्ये पडा. शेजारची बाई पोराच्या मागे ब्रश घेऊन धावायची तर मी हसायचे तिला." फोनवर लाँड्रीतल्या वाफेचा आवाज येत होता. "एकदा जरी म्हणाली असतीस ना, ताई, पोरगी घासत नाही, तर मी बदडून घासायला लावलं असतं."

"म्हणूनच नाही म्हटलं."

"बदडलं असतं तर दुखलं असतं दोन दिवस," बहीण म्हणाली आणि मग तिने फोन ठेवला. त्यानंतर तिने आपणहून फोन केलेला नाही. मावशीने केला तर उचलते.

डॉक्टरांनी मुलीला जे सांगितलं ते साधं होतं. साधी फ्लोराइडची पेस्ट दोनदा, रात्री घासल्यावर हलक्या फ्लोराइडने चूळ. जास्त तीव्र फ्लोराइड सध्या पुढच्या डागांवर लावायचं नाही, कारण त्याने वरचा थर लगेच कडक होतो आणि पांढरं आत कोंडून राहतं. साचा फक्त रात्री, घासल्यानंतर. पेय फक्त जेवताना. दुकानातली दात पांढरे करायची पट्टी लावायची नाही; डाग तिने आणखी उठून दिसतात. आणि दर महिन्याला गोळी, दुपारी, इतर मुलांसारखी, आकडा तीसच्या वर गेला तर बेसिन.

नवी शाळा ठरल्या दिवशी सुरू झाली. मुलगी एक एकसारखा दात आणि तीन पट्ट्यांचे दात घेऊन गेली. पहिल्या आठवड्यात एका मुलीने विचारलं, तुझा हा एक दात खोटा आहे का? हे तिने आईला सांगितलं, आईने काउंटरवरच्या बाईला आणि काउंटरवरच्या बाईने मागच्या खोलीत येऊन मावशीला. मावशी तेव्हा आरसे पिशव्यांत भरत होती. "बरा केला तोच एक खोटा दिसतो," काउंटरवरची बाई म्हणाली. मग तिला वाटलं असावं की हे बोलायला नको होतं. ती थोडा वेळ पिशव्या भरायला थांबली.

बेसिनपाशी मुलगी एकदा उभी राहिली, सत्तेचाळीसला. मागच्या खोलीच्या दाराला छोटी काच आहे. मावशीने तिथून पाहिलं. बाकावर चार लोक होते. मुलीने ब्रश टाकला नाही. अकरा मिनिटं घासलं, तोंड पुसलं आणि गेली. पुढच्या महिन्यात आकडा तेहतीस आला. तीन जागांसाठी पुन्हा बेसिन. त्यानंतर एकवीस.

भाची मावशीशी बोलते, पण विचारलं तेवढंच. फोटो पाठवणं त्या मंगळवारनंतर बंद आहे. मावशीने एकदा नवा ब्रश पाठवला. तो परत आला नाही, आणि वापरला की नाही ते समजलं नाही.

काल, रेझिनच्या त्या दिवसापासून बाराव्या आठवड्यात, डॉक्टरांनी चारही दातांचे फोटो काढले. मधल्या दोन दातांवरचे डाग आता फक्त हवेने कोरडं केल्यावर दिसतात. डावीकडचा शेजारचा दात जसाच्या तसा आहे. रेझिन भरलेल्या दातावर, हिरडीच्या कडेला, केसाएवढी पिवळी रेघ आहे. ती वरची आहे की आतली, घासून जाईल की वाढेल, हे डॉक्टरांनी इतक्यात सांगायला नकार दिला. फाइलवर त्यांनी "पाहू" एवढंच लिहिलं.

आणखी एक महिना थांबून डावीकडच्या दाताचं ठरेल. मुलीने साडेचारची वेळ मागितली. उठताना डॉक्टरांनी तिला विचारलं की तो दात करायचा ठरला तर खुर्चीपाशी मावशी चालेल की दुसरी मदतनीस हवी.

मुलीने पुढच्या दातावरून जीभ फिरवली. "पुढच्या वेळी सांगते," ती म्हणाली.

पुढची वेळ गुरुवारची आहे, सत्तावीस दिवसांनी.